आवरा, असं म्हणाली होतीस

४ नोव्हेंबर

प्रिय अगं,

लग्न झाल्यापासून मी तुला 'अगं' म्हणत आलो आणि तू मला 'अहो'. आता पत्रात एकदम नाव लिहिलं तर तुला वाटेल, दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याचं पत्र चुकून आपल्याकडे आलं. म्हणून 'अगं'च बरं.

तू सुखरूप पोहोचल्याचं लेकीने फोनवर सांगितलं. आईला दे म्हटलं तर म्हणाली, आईचे हात ओले आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तेव्हाही ओलेच होते. तिकडे पाणी भरपूर येतंय म्हणायचं. म्हणून हे पत्र. पत्र ओल्या हातांनीही धरता येतं, फार तर शाई पसरेल.

इकडे सगळं उत्तम आहे. अजिबात काळजी करू नकोस. घर तू ठेवून गेलीस तसंच आहे. फक्त दोन-चार किरकोळ गोष्टी विचारायच्या होत्या. कचऱ्याची गाडी नेमकी कधी येते? मी पिशवी घेऊन खाली गेलो तर एकदा ती नुकतीच गेली होती, एकदा यायची होती आणि एकदा रविवार होता. पिशव्या सध्या गॅलरीत आहेत. तोंडं बांधलेली आहेत, त्यामुळे तशी काही अडचण नाही. दुसरं म्हणजे कप. आपल्याकडे कप आहेत तरी किती? मला वाटायचं भरपूर आहेत. आता कपाटात एकही दिसत नाही, म्हणजे सगळे कुठेतरी असणार. सध्या मी मापाच्या भांड्यातून चहा पितो. त्यात एक सोय आहे, किती प्यायलो ते कळतं. आणि टॉवेलला कुबट वास येतो तो टॉवेलचा दोष की वापरणाऱ्याचा?

लेकीला म्हणावं, बाळंतपणाला घाबरू नकोस. अक्कलदाढ येताना याहून जास्त दुखतं असं तुझे बाबा म्हणतात. किंवा नकोच सांगूस. ती फोन आपटेल.

कामाचं म्हणशील तर कवळ्यांचं काम जोरात आहे. गाणं शिकवणाऱ्या बाईंची जवळजवळ झालीच. त्यांना वार्षिक कार्यक्रमात गायचंय, त्यामुळे डॉक्टर घाई करतायत. मी कामात असतो, दिवस जातो.

तुझा,
अहो

ता.क. परत कधी येणार हे बोलायचं राहूनच गेलं. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आता विचारतो.

११ नोव्हेंबर

प्रिय आजीबाई,

अभिनंदन! मला अजून कुणी आजोबा म्हटलेलं नाही, पण ते आपोआप झालोच असणार.

लेकीने फोन बाळाच्या तोंडाशी धरला होता. काय आवाज आहे पोरीचा! मी इकडून 'अगं, अगं' करत बसलो, मग लक्षात आलं की ही हाक तर तुझी आहे. नाक माझ्यावर गेलंय म्हणे. बिचारी. तोंडात एक दात नाही आणि तरी कवळी नको, असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच ऐकलं. बघितलं असं लिहिणार होतो, पण बघितलेलं कुठे आहे? तुला बोलाव म्हटलं तर लेक म्हणाली, आई बाळाला घेऊन बसलीय. म्हणजे या वेळी हात कोरडे होते, पण रिकामे नव्हते.

अगं, मागच्या पत्रात सगळं उत्तम आहे असं लिहिलं, ते काही खरं नव्हतं. कुठून सुरुवात झाली तेही मला धड सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी एक कप टेबलावर राहिला. मग त्याला सोबत म्हणून दुसरा. माझे प्लास्टरचे साचे मी जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवले, कारण कामाच्या खोलीतल्या फळीवर धुतलेले कपडे होते, कारण पलंगावर वर्तमानपत्रं होती, आणि वर्तमानपत्रं पलंगावर का होती ते मला आठवत नाही. आता खिडकीत जबडे, फ्रिजवर जबडे, न्हाणीघरात साबणाच्या जागी कुणाचा तरी वरचा जबडा. सकाळी उठून बाहेर आलो की सगळी गिऱ्हाइकं मला एकदम हसतात.

करत नाही असं नाही. रोज ठरवतो, आज सगळं साफ करायचं. मग एक वस्तू उचलतो आणि तिची जागा शोधायला निघतो. त्या जागेवर भलतंच काहीतरी असतं, म्हणून तेही उचलतो. मग दोन्ही हातांत दोन वस्तू घेऊन घराच्या मधोमध उभा राहतो आणि काय करायला निघालो होतो तेच कळेनासं होतं. शेवटी दोन्ही खाली ठेवून चहा करतो. मापाच्या भांड्यात. तू हे सगळं कधी करायचीस ग? मी दिवसभर घरातच असायचो, पण तुला घर आवरताना बघितल्याचं मला आठवत नाही. घर आपलं आवरलेलंच असायचं.

व्हायचं तेच झालं. गाणाऱ्या बाईंची कवळी आणि त्या जाड्या वकिलाची कवळी फ्रिजवर शेजारी शेजारी होत्या. साच्यांवरच्या चिठ्ठ्या चहात भिजून गेल्या. मी आपल्या अंदाजाने डब्यांत घालून पाठवल्या. डॉक्टरांनी बाईंच्या तोंडात कवळी बसवून आरसा दिला, तर बाई म्हणाल्या, 'डॉक्टर, यात मी आणि माझी बहीण दोघी मावू.' वकिलाच्या तोंडात बाईंची गेली ती निघेचना, आणि म्हणे आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस गप्प बसला. हे डॉक्टरांनी मला हसत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. 'काका, बास झालं. आवरा आता,' एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून उभा. टेबल आवरा की धंदा आवरा? परत फोन करून विचारावं असं दहादा मनात आलं, पण उत्तर दुसरं निघालं तर? म्हणून विचारलं नाही. दोन्ही कवळ्या फुकट दुरुस्त करून देतोय. बाईंच्या कार्यक्रमाला अजून वेळ आहे.

आणि आणखी एक. समोरची शिलाईवाली जिन्यात भेटली. म्हणाली, 'वहिनी गेल्या का हो?'

म्हटलं, 'हो, लेकीकडे. बाळंतपणाला.'

'ते माहितीय हो. पण गेल्या का?'

मी पुन्हा हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, टॅक्सीत वहिनी डोळे पुसत होत्या. मला ते दिसलंच नव्हतं. मी बॅगा बघत होतो.

तेव्हापासून डोक्यात हा भुंगा शिरलाय. तू गेली आहेस, की गेली आहेस? लिहून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं.

घराचं काय करू म्हणून लेकीलाच विचारलं. ती म्हणाली, 'बाबा, तुम्ही कुणाला विचारताय! माझ्याकडे तर लंगोटांचा डोंगर झालाय. मी दोनच गोष्टी ठरवल्यात. उठल्याउठल्या अंथरूण नीट करायचं आणि झोपायच्या आत सिंक रिकामं करायचं. माझ्याने झालं नाही तर आई करते. बाकी घर पडो नाहीतर झडो.'

दोनच? मला हसू आलं. मग कामाला बसलो आणि हसू थांबलं. मेणात दात लावताना मी तरी काय करतो? आधी पुढचे मधले दोन. ते सरळ बसले की बाकीचे त्यांच्याकडे बघून रांगेला लागतात. दाढेपासून सुरुवात करणाऱ्याची कवळी हमखास वाकडी होते, हे मी किती नवशिक्यांना ओरडून सांगितलंय. आणि घरात मात्र मी रोज दाढेपासूनच सुरुवात करत होतो, तीही सगळ्या दाढा एकदम.

तर घराचे पुढचे दोन दात म्हणजे अंथरूण आणि सिंक. उद्यापासून. नाही, आजपासूनच. पत्र संपवून सिंककडे जातो.

तुझा,
अहो

१९ नोव्हेंबर

प्रिय अगं,

कप सापडले! सगळे सिंकमध्येच होते, तळाशी. आपल्याकडे खरंच भरपूर कप आहेत.

दोन दात बसले होते. अंथरूण घालायला काही वेळ लागत नाही हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. चादर ओढली, उशा थोपटल्या की झालं, आणि मग त्या पलंगावर वर्तमानपत्र टाकायला आपलीच आपल्याला लाज वाटते. सिंकचं शिलाईवालीने सांगितलं. ती म्हणाली, चहा उकळेपर्यंत जेवढी भांडी होतील तेवढीच घासायची, उकळला की हात पुसायचे, एकही जास्त नाही. तिला वाटतं मी एकदम करायला जातो आणि म्हणून काहीच होत नाही. बरोबर आहे तिचं. मी हल्ली चहा जरा जास्तच पितो, पण सिंक रिकामं असतं.

आणि तुझंही एक आठवलं. 'खोलीतून रिकाम्या हाताने बाहेर पडायचं नाही.' तू या खोलीतून त्या खोलीत जाताना कायम काहीतरी उचलून न्यायचीस आणि मी म्हणायचो, हे घर आहे की हमालवाडा? आता मीही नेतो. न्हाणीघरात जाताना टॉवेल, येताना जबडा. म्हणजे तू असं आवरायचीस होय! जाता-येता. म्हणून मला कधी दिसलं नाही.

मग एक दात पडला. दुसराही पडला. लेक फोनवर बोलता बोलता म्हणाली, 'आईचं परत यायचं काही ठरलेलं नाही, बाबा. मी विचारलं तर विषय बदलते.' मी म्हटलं, असू दे, घाई नाही. फोन ठेवला आणि त्या दिवशी अंथरूण घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सिंक भरलं. कुणासाठी करायचं, असं झालं होतं. शिलाईवाली कात्रीला धार लावायची कानस मागायला आली, तर मी त्या विस्कटलेल्या पलंगावर बसलेलो. काय सांगू, रडत होतो. ती दारातच थांबली आणि म्हणाली, 'आवरा हो दादा, आवरा.'

मी उठलो आणि चादरीची घडी घालायला लागलो.

'अहो, चादर नव्हे,' ती म्हणाली, 'डोळे.'

मग आम्ही दोघंही हसलो आणि तिने एक टोक धरलं नि मी दुसरं. दात परत बसवलेत. बसवलेले दात पडतात, परत बसवायचे असतात, हे तरी मला कुणी शिकवायला नको.

पण अगं, तो शब्द. डॉक्टर आवरा म्हणाले, शिलाईवाली आवरा म्हणाली, आणि दोन्ही वेळा मला नीट कळलं नाही. त्यावरून आठवलं, निघायच्या दिवशी तूही आवरा म्हणाली होतीस. एकदा नाही, तीनदा. गेले काही दिवस मी तेच डोक्यात घोळवतोय. मला आठवतं तसं सगळं लिहितो, चुकलं असेल तर सांग.

सकाळी मी बाईंच्या कवळीचं मेण गरम केलं होतं. तू दारात येऊन म्हणालीस, 'अहो, आवरा.' मला वाटलं, टेबलावर पसारा झालाय म्हणून म्हणतेस. मी साचे एका बाजूला सरकवले. मग थोड्या वेळाने तू आतून म्हणालीस, 'खुर्चीवर काढून ठेवलंय,' आणि मी हो म्हणालो. काय काढून ठेवलं होतंस? मी नंतर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग तू पुन्हा आलीस, 'अजून आवरलं नाही?' मी म्हणालो, झालंच. मेण निवत होतं ग, हात सोडता येत नव्हता. मग खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला आणि तू जिन्यातून ओरडलीस, 'आवरा हो, गाडी चुकेल!' तेव्हा मात्र मला नीट कळलं की घाई करा म्हणतेस. मी एप्रनसकट, प्लास्टरच्या हातांनी दोन्ही बॅगा घेऊन धावत खाली आलो.

तू टॅक्सीत पलीकडच्या बाजूला सरकून बसली होतीस. अलीकडच्या जागेत मी बॅग ठेवली. तू माझ्याकडे बघितलंस, एप्रनकडे बघितलंस आणि म्हणालीस, 'असंच?' मला वाटलं, बॅग आडवी ठेवली म्हणून विचारतेस. मी म्हणालो, 'असंच राहू दे, पडायची नाही,' आणि कोपराने दार लावलं. तुझा चेहरा तेव्हा कसा तरी झाला. कसा, ते मला समजलं नाही.

गाडीत तुझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी होती असं लेकीकडून कळलं. बरं झालं, जरा पाय पसरून गेली असशील.

तर सरळ विचारतो. पसारा आवरा म्हणालीस, लवकर करा म्हणालीस, की आता आपलं हे सगळं पुरे झालं म्हणालीस? पहिलं असेल तर मी करतोय. माझं दाढीचं सामान आणि दुसरा चष्मा सापडत नाही, ते शोधता शोधता सबंध न्हाणीघर आणि दोन कपाटं आवरून झाली. सामान मात्र घराने गिळलंय. दाढी एवढी वाढलीय की आरशात मीच मला ओळख विचारतो. नवीन सामान आणता येईल, पण मला वाटतं ते सापडलं की बाकीचंही सगळं सापडेल. हा वेडेपणा आहे, माहीत आहे.

आणि तिसरं असेल, तर तसं सांग. मला घर जमत नाही म्हणून तू ये, असं मी म्हणत नाहीये. घर थोडं थोडं जमायला लागलंय. सिंक रिकामं असतं तेव्हाही मला तू हवी असतेस. उलट तेव्हा जास्तच, कारण मग करायला काही उरत नाही.

तुझा,
अहो

२७ नोव्हेंबर

प्रिय अगं,

आज सकाळी लेकीचा फोन आला. म्हणाली, 'बाबा, तुमचं पत्र आलं. आई ते घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. आधी हसण्याचा आवाज आला. मग बाहेर आली तर डोळे लाल. मला म्हणाली, बाबांना सांग, आपल्या झोपायच्या खोलीतली खुर्ची आवरा.'

मी म्हटलं, 'आणि?'

'आणि काही नाही. एवढंच.'

'मी काय विचारलंय ते तिने वाचलं ना नीट?'

'दोनदा वाचलं, बाबा. दुसऱ्यांदा मला वाचून दाखवलं.'

'मग तू तरी सांग ना, काय म्हणायचंय तिला!'

'मी सांगणार नाही. आईने शपथ घातलीय. खुर्ची आवरा.' आणि हसली. आईला हसू, लेकीला हसू. बहुतेक नातही हसत असेल, तिच्याही हसण्यात दात नाहीत.

मला राग आला, खरंच सांगतो. इकडे माणूस दाताच्या कण्या करून विचारतोय की बाई, तू माझी आहेस की नाहीस, आणि उत्तर काय, तर खुर्ची! तुला इतक्या लांबून बरोबर तीच खुर्ची दिसली? तिच्यावर काय आहे ते मलाही माहीत नाही. जे धड मळलेलं नसतं आणि धड धुतलेलंही नसतं, ते सगळं तिच्यावर जातं. आता तर ती खुर्ची आहे हे माहीत असणाऱ्यालाच कळेल. गेल्या पंधरवड्यात मी घरातलं सगळं थोडं थोडं हलवलं, पण तिच्या वाटेला गेलो नाही. ही घराची सगळ्यात मागची दाढ.

पण तू सांगितलंयस. इतक्या दिवसांत तू मला सांगितलेली ही पहिली गोष्ट आहे. चहा ठेवतो आणि उकळेपर्यंत जेवढं होईल तेवढं करतो. मग पत्र पुरं करीन.

त्याच दिवशी, दुपारी

चहा उकळून उतू गेला. शेगडी नंतर पुसली.

वर कालचा टॉवेल होता. खाली दोन पायजमे, मग माझा खोकल्याच्या दिवसांतला मफलर, उशीचा एक अभ्रा, उसवलेली बंडी, कसलं तरी वर्तमानपत्र. मी एकेक उचलत होतो, धुवायचं इकडे, ठेवायचं तिकडे. शेवटी माझा एप्रन निघाला, प्लास्टरने कडक झालेला. तू गेलीस त्या दिवशी टॅक्सी वळल्यावर मी वर आलो, तो काढला आणि मागे न बघता खुर्चीवर फेकला होता. त्याच्यावरच पुढचं सगळं चढलं.

एप्रन उचलला. खाली माझा निळा शर्ट. राखाडी पँट. पट्टा गुंडाळून. रुमालाची चौकोनी घडी आणि एकात एक घातलेले मोजे. खुर्चीखाली पॉलिश केलेले बूट.

खरं सांगतो, तरी माझ्या टाळक्यात लगेच प्रकाश पडला नाही. मला वाटलं, हे कपडे इथे कसे आले? शर्ट हातात घेऊन मी पलंगावर बसलो. मी एकटा कुठे जातो तेव्हा हाताला येईल तो शर्ट घालतो आणि तू कपाळावर हात मारून घेतेस. असे कपडे तू कधी काढतेस? आपण दोघं कुठे निघालो की. फक्त तेव्हाच.

अगं!

तू मला तयार व्हा म्हणत होतीस. अंगावरचं बदला, चला, लेक वाट बघतेय. जी गोष्ट आपण आयुष्यभर घराबाहेर पडताना एकमेकांना म्हणत आलो, 'आवरलं का?' 'आवरलं!', तीच. आणि मी साचे सरकवत होतो.

दाढीचं सामान तुझ्या बॅगेत आहे ना? चष्माही. आणि गाडीतली ती जागा रिकामी कशी असेल, ती माझी होती. टॅक्सीत सरकून बसलीस ती माझ्यासाठी आणि मी तिथे बॅग ठेवली. 'असंच?' म्हणजे एप्रनवरच येताय की काय. की येतच नाही, असंच? आणि मी काय म्हणालो? असंच राहू दे. आणि वर दार लावलं! तुला काय वाटलं असेल ग. नातीच्या जन्मापेक्षा याला एका बाईची कवळी मोठी. आणि तू म्हणजे अशी, की एकदा दार लागल्यावर पुन्हा विचारायची नाहीस. मीही असा, की बाळंतपणात पुरुषाचं काय काम, हे धरूनच चाललो होतो. माझ्या मनात मी जाणार नव्हतोच, तुझ्या मनात मी येणार होतोच, आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगायची गरज वाटली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की असं होतं का? की हे आपलंच?

मी तिथे किती वेळ बसलो कोण जाणे. आधी हसलो, मग डोळे पुसायला तोच घडीचा रुमाल घेतला. लेक सांगत होती तो आवाज कसला होता, ते आता कळलं.

मग डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, 'तुम्ही आवरा म्हणालात ते टेबल की धंदा?' ते म्हणाले, 'काका, टेबल हो! धंदा कशाला? तुमच्याशिवाय माझी गिऱ्हाइकं खाणार कशाने?' बाईंची कवळी बसली, त्या काल सबंध रियाज करून गेल्या, वकीलही परत बोलायला लागला. म्हटलं, मग मी काही दिवस नाही. कुठे जाताय विचारलं. म्हटलं, एका गिऱ्हाइकाकडे, तोंडात एकही दात नाही. म्हणाले, 'वरचा जबडा की खालचा?'

हे पत्र पेटीत टाकत नाही. ते पोहोचायच्या आत मीच पोहोचेन. दारात मला दातखीळ बसणार हे नक्की, तेव्हा मी ते तुझ्या हातात देईन. तू वाच, मी तोवर नातीला धरतो.

संध्याकाळच्या गाडीत जागा मिळालीय. किल्ली शिलाईवालीकडे दिलीय. तिने फक्त एवढंच विचारलं, 'वहिनी गेल्या नव्हत्या ना?' मी म्हटलं, नाही. मीच राहिलो होतो.

शर्टाची इस्त्री पार मोडलीय आणि बाहीवर प्लास्टरचा ठिपका आहे, पण तू काढून ठेवलेलाच घातलाय. दाढी तशीच आहे, ती तिकडे येऊन करीन. सिंक रिकामं आहे. अंथरूण घातलंय. बाकी जबडे अजून फ्रिजवर आहेत, गॅलरीत एक पिशवी आहे आणि खुर्चीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग जमिनीवर आहे. घराचं अजून बरंच आवरायचं राहिलंय.

माझं आवरलंय.

अहो